ताम्रपटावरची रेषा : सातारा, सांगली आणि छापलेला नकाशा

१

‘ताम्रपट’ म्हटले की आपल्याला जमीन आठवते. अमुक राजाने अमुक गाव अमक्याला दिले. पूर्वेस ओढा, दक्षिणेस शेजारच्या गावाची शीव, पश्चिमेस डोंगर अशी त्याची चतुःसीमा. चंद्रसूर्य असेतो हे दान चालावे आणि मोडील त्याला पाप लागावे. असा मजकूर तांब्याच्या पत्र्यांवर कोरून ते पत्रे कडीत ओवून जपले जात. दुसऱ्या पुलकेशीचा धाकटा भाऊ विष्णुवर्धन याचा सातव्या शतकातील एक दानलेख ‘सातारा ताम्रपट’ या नावानेच अभ्यासकांना परिचित आहे. या ताम्रपटांवरची अक्षरे सुलटी असतात, कारण पत्रा हाच दस्तऐवज असतो. त्याची प्रत काढायची नसते.

तांब्याच्या पत्र्याचा आणखी एक उपयोग आपल्याकडे अठराव्या शतकाच्या अखेरीस येऊन पोचला. त्यात अक्षरे आणि रेषा उलट्या कोरायच्या, खाचांत शाई भरायची, वरचा पृष्ठभाग पुसून स्वच्छ करायचा आणि ओलसर कागद त्यावर दाबून छाप उठवायची. येथे पत्रा नजरेआड राहतो आणि कागदावरची छाप दस्तऐवज म्हणून जगभर फिरते. कृष्णेच्या खोऱ्यातील जमीन कोणाची, या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकात हळूहळू पहिल्या प्रकारच्या तांब्याकडून या दुसऱ्या प्रकारच्या तांब्याकडे गेले. पहिल्यावर सीमा शब्दांत सांगितलेली असे. दुसऱ्यावर ती रेषा झाली.

वसाहतकाळात आखल्या गेलेल्या सरहद्दी आणि त्यांच्या आडोशाने झालेली निसर्गाची हानी यांवर नकाशाच्या आधारे भाष्य करणारे मुद्राचित्रण आज जगभर होते. त्याची चर्चा बहुधा विषयाच्या अंगाने होते. नकाशा ही चित्रकाराने बाहेरून उचललेली एक प्रतिमा आहे, असे त्या चर्चेत गृहीत धरलेले असते. मला ते अपुरे वाटते. छापील नकाशा हे मुळातच मुद्राचित्र आहे. तो त्याच कारखान्यात, त्याच हत्यारांनी, त्याच शाईने जन्मला. म्हणून नकाशातील सरहद्द वाचायची असेल तर ती रेषा कशावर आणि कशी उठवली हे आधी विचारले पाहिजे. सातारा-सांगलीचा इतिहास या दृष्टीने वाचून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

सुरुवात मिरजेपासून करावी लागते. अ. का. प्रियोळकरांनी भारतातील मुद्रणाचा इतिहास सांगणारा आपला इंग्रजी ग्रंथ १९५८ साली प्रसिद्ध केला. त्यात मिरजेच्या गीतेची हकिकत येते. पुण्याच्या दरबारात ब्रिटिश वकील असलेल्या चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने काही देशी कारागीर युरोपीय पद्धतीचे रेखन आणि कोरीवकाम शिकले होते. त्यांपैकी एका तांबटाकडून भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापावी, असा नाना फडणवीसांचा विचार होता. १८०० साली नाना वारले आणि काम अडले. पुढे तो कारागीर मिरजेला आला आणि गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये ही गीता छापून निघाली. त्याच वर्षी दूर बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरीचे मराठी व्याकरण खिळ्यांनी छापले गेले, हे लक्षात घेतले म्हणजे मिरजेच्या या उद्योगाचे वेगळेपण ध्यानात येते. मिशनऱ्यांनी अक्षरे सुटी केली. मिरजेच्या तांबटाने मात्र पोथीचे पान जसेच्या तसे, पण उलटे, तांब्यावर उतरवले.

ज्या गंगाधररावांनी हे काम करवून घेतले त्यांच्या जहागिरीची त्याच सुमारास वाटणी झाली होती. पुतणे चिंतामणराव यांच्याशी बेबनाव होऊन १८०१ च्या सुमारास चिंतामणराव वेगळे झाले आणि सांगली ही स्वतंत्र गादी झाली. आज एकाच महानगरपालिकेत असलेली मिरज आणि सांगली ही दोन गावे त्या काळी दोन संस्थानांच्या राजधान्या झाल्या. पुढे १८२० मध्ये मिरजेचेही थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन भाग पडले. म्हणजे तांब्यावर कोरून छापण्याची विद्या या मुलुखात आली तेव्हा मुलूख वाटला जात होता. परंतु मिरजेच्या तांब्यावर गीता कोरली गेली. मिरजेचा नकाशा कोरला गेला तो दुसरीकडे, दुसऱ्यांच्या हातून.

तो दुसरीकडे कसा कोरला गेला हेही पाहण्यासारखे आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्टनने त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची पहिली पायारेषा मोजली. हे काम करता करताच १८२३ मध्ये वऱ्हाडाशेजारच्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. सर्वेक्षणाची मापे लंडनला जात. तेथे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतील जॉन वॉकरच्या कारखान्यात, एका इंचास चार मैल या प्रमाणावर, ‘इंडियन ॲटलास’ची पाने तांब्यावर कोरली जात. १८२७ पासून ही पाने निघू लागली. पत्रे कोरण्याचे काम कलकत्त्यास हलले ते १८६० च्या दशकाच्या अखेरीस. तोवर सह्याद्रीचा उतार आणि कृष्णेची वळणे कोरणाऱ्या हातांनी ना सह्याद्री पाहिला होता, ना कृष्णा.

या कोरीवकामाला कमी लेखण्याचे कारण नाही. घाटमाथ्याची चढण दाखवण्यासाठी काढलेल्या शेकडो बारीक रेघा पाहिल्या तर कोणाही चित्रकाराने मान डोलवावी. मात्र एक गोष्ट नजरेत भरते. डोंगर जितका चढा तितकी कोरणी दाट. जमीन सपाट झाली की पत्रा कोराच राहतो. माण, खटाव, आटपाडी, जत हा अवर्षणाचा सपाट मुलूख तांब्यावर जवळजवळ रिकामा दिसतो. तेथे गावांची नावे आणि हद्दीची टिंबे एवढेच उरते.

३

ही टिंबे कोणती हद्द दाखवत होती? २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचे राज्य नव्याने दिले. त्याच्या सीमा पुष्कळशा नद्यांनी सांगितलेल्या होत्या : उत्तरेस नीरा आणि भीमा, दक्षिणेस वारणा आणि कृष्णा, पश्चिमेस सह्याद्री. वरवर पाहता ही जुन्या ताम्रपटातील चतुःसीमाच वाटते. परंतु ओढ्यापर्यंत आपले गाव, असे म्हणणाऱ्या माणसाचे पाणी भरणे, गुरे पाजणे, मासे धरणे ओढ्याच्या दोन्ही काठांशी जोडलेले असे. सीमा त्याच्या वहिवाटीतून कळायची. तहनाम्यातील नदी मात्र दोन सरकारांच्या मधली फट होती. नकाशावर तिला वेगळी रेषा काढावी लागली नाही, कारण पाण्यासाठी कोरलेली रेघच हद्दीच्या कामी आली. खोऱ्याचा कणा असलेली नदी राज्याची कड बनली.

नदीच्या उगमाजवळची हकिकतही बोलकी आहे. महाबळेश्वरच्या डोंगरावर इंग्रजांना थंड हवेचे ठाणे हवे होते. १८२९ मध्ये त्यांनी त्या डोंगराचा एक भाग प्रतापसिंहांकडून घेतला आणि बदल्यात वाईकडील खंडाळा हे गाव दिले. मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या नावाने तेथे माल्कम पेठ वसली. गावाच्या मोबदल्यात डोंगर, हा व्यवहार कागदावर बरोबरीचा दिसतो. ज्या डोंगरावर कृष्णा, कोयना, वेण्णा उगम पावतात त्याची किंमत एका गावाएवढी ठरवता आली, कारण कागदावर दोन्ही ठिकाणे क्षेत्रफळाच्या एकाच मापात बसत होती.

पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी अनेक वर्षे लंडनमध्ये झगडत राहिले. ५ एप्रिल १८४८ रोजी शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज निपुत्रिक वारले आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. तांब्याच्या पत्र्यावर यामुळे फारसे काही बदलावे लागले नसणार. पत्र्यावरची चूक सुधारायची तर तो मागून ठोकून उचलावा, घासावा आणि पुन्हा कोरावा लागे. हे काम जिकिरीचे होते. सरहद्दीचा रंग मात्र बहुधा छापून झाल्यावर हाताने लावला जाई. राज्य गेले म्हणजे कुंचल्याचा रंग बदलला. लंडनच्या ज्या शहरात रंगो बापूजी अर्जांमागून अर्ज करत होते, त्याच शहरात त्यांच्या मुलखाची पाने कोरली जात होती, हा योगायोग मनात घर करून राहतो.

साताऱ्याच्या दक्षिणेस तर रंगांचे ठिगळकामच होते. सांगली संस्थानचे तुकडे मिरजेच्या परिसरापासून मंगळवेढे, तेरदाळ, बेळगावला लागून असलेले शहापूर आणि थेट शिरहट्टीपर्यंत विखुरलेले. औंधच्या पंतप्रतिनिधींची बहात्तर गावे औंध, कुंडल, आटपाडी आणि विजापूरकडचे गुणदाळ अशी चार दिशांना. मध्ये जतचे डफळे, कुरुंदवाड, बुधगाव, आणि या सर्वांच्या भोवती ब्रिटिश जिल्हे. स्वातंत्र्यानंतर ८ मार्च १९४८ रोजी सांगली संस्थान विलीन झाले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. मंगळवेढे सोलापुरात राहिले. तेरदाळ, शहापूर आणि शिरहट्टी १९५६ नंतर राज्यसीमेच्या पलीकडे गेली. आजच्या सांगली जिल्ह्याचा वेडावाकडा आकार हा या ठिगळांच्या शिवणीचा आकार आहे.

४

तांब्याच्या नकाशाने राज्यांच्या हद्दी दाखवल्या. शेताची हद्द दाखवण्याचे काम दुसऱ्या धातूने केले. १८४७ च्या ‘जॉइंट रिपोर्ट’ने मुंबई इलाख्यातील जमीनमोजणीची पद्धत पक्की झाली, आणि खालसा झालेल्या साताऱ्यातही पुढे तिचा अंमल सुरू झाला. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, आणि तेहतीस फूट चौरसाचा गुंठा. आजही आपण जमीन गुंठ्यांत बोलतो ती याच साखळीची भाषा आहे. मैलाला आठ इंच, म्हणजे इंचास वीस साखळ्या, या प्रमाणावर गावनकाशे तयार झाले. ते छापण्यासाठी पुण्यात सरकारी फोटोझिंको छापखाना होता. हाताने काढलेल्या नकाशाचे छायाचित्र घ्यायचे, ते जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचे आणि छापायचे. येथे कोरणी नाही. रेषा आणि तिच्याशेजारची जमीन एकाच पातळीवर असतात. कोऱ्या जागेत तेलकट शाई धरत नाही, एवढाच काय तो फरक.

गावनकाशा हा शेतकऱ्यासाठी आधार आहे. बांध कोरणाऱ्या भाऊबंदाविरुद्ध दाद मागायची तर तोच उपयोगी पडतो. त्यामुळे त्याच्याकडे केवळ दडपशाहीचे साधन म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. परंतु हा नकाशा आकारणीसाठी काढला गेला होता, आणि जे आकारता येत नाही ते त्यात दुय्यम झाले. त्यासाठी शब्दही घडला : ‘पोटखराब’. शेताच्या पोटातील जो भाग लागवडीस येत नाही, ज्यावर आकार बसत नाही, तो पोटखराब. ओघळ, खडक, झुडपे, पाणथळ, ओढ्याचा काठ हे सारे त्यात आले. माळावर पाणी मुरते ते बव्हंशी याच ठिकाणी, आणि पक्षी, ससे, कोल्हे राहतात तेही येथेच. पोटखराब असे नाव एकदा मिळाले की ते सपाट करून वहितीस आणणे ही सुधारणा ठरते. निसर्गाची हानी नेहमी धरण फोडून किंवा जंगल जाळून होते असे नाही. वहीतल्या एका रकान्याच्या नावानेही ती सुरू होते.

या नकाशात आणखी एक गोष्ट नाही : धनगरांची वाट. पाऊस संपला की मेंढरे घेऊन निघायचे, शेतात बसवायची, लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य घ्यायचे आणि पुढे सरकायचे, हा वर्षाचा फेरा कित्येक गावांच्या शिवांतून आणि कित्येक संस्थानांतून जाई. ती वाट सर्वे नंबरांना आडवी छेदते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) औंध संस्थानातील अशाच धनगरवस्तीची कथा आहे. वाडीतील शाळा, तालीम, राजाची भेट या घटना संस्थानच्या कागदोपत्री कोठेतरी नोंदल्या जाऊ शकतात. शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते. ही ओस पडलेली वाडी कोणत्या नकाशात दाखवायची? साहित्याच्या वर्गात आपण या कादंबरीकडे प्रादेशिक कादंबरी म्हणून पाहतो. मला ती एक प्रतिनकाशाही वाटते. तांब्यावर कोऱ्या राहिलेल्या त्याच सपाट मुलखात तिने माणसे, मेंढरे आणि पावसाची वाट पाहणारे डोळे भरले. माडगूळकर उत्तम रेखाचित्रे काढीत, ही गोष्ट येथे सहज आठवते.

५

हद्दीची रेषा आणि पाणी यांचे वैर पाहायचे असेल तर राजेवाडीच्या तलावाकडे जावे. १८७६ च्या दुष्काळात, माणगंगेवर, म्हसवड तलाव या नावाने हे काम हाती घेतले गेले. धरणाची भिंत राजेवाडीस, आजच्या आटपाडी तालुक्यात. आटपाडी महाल तेव्हा औंध संस्थानात होता. पाण्याचा फुगवटा माण तालुक्यात, म्हणजे सातारा जिल्ह्यात. आणि कालव्याचे ओलित मुख्यतः सांगोल्याकडे, म्हणजे सोलापूर जिल्ह्यात. एकाची जमीन बुडते, दुसऱ्याच्या दारात भिंत, तिसऱ्याच्या शेतात पाणी. नदीच्या दृष्टीने हे एकच खोरे आहे. नकाशाच्या दृष्टीने हे तीन जिल्हे आहेत, आणि तिघांच्याही तक्रारी तीन वेगळ्या कचेऱ्यांत जातात.

ही ठिगळे नेहमीच माणसांच्या विरोधात गेली असे मात्र नाही. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारने साताऱ्यात जे उभे केले त्याचा एक आधार कुंडल हे गाव होते. कुंडल औंध संस्थानचे, चहूबाजूंनी ब्रिटिश मुलखाने वेढलेले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि १९३९ मध्ये त्यांनी संस्थानात लोकांच्या हाती कारभार देणारी घटना लागू केली होती. इंग्रजी पोलिसांना संस्थानच्या हद्दीत सहज शिरता येत नसे. भूमिगतांनी या फटीचा उपयोग केला. ज्या रेषेने मुलूख तोडला होता तिच्याच आडोशाला ते उभे राहिले. नकाशावर टीका करण्याचा हा सर्वांत प्रत्यक्ष प्रकार म्हणता येईल. तो कागदावर झाला नाही, रात्रीच्या चालीत झाला.

कागदावर जे झाले ते निराळे. छापील चित्रांचा राजकीय उपयोग महाराष्ट्राला नवा नव्हता. १८७८ मध्ये पुण्यात निघालेल्या चित्रशाळेने शिळाछापावर देवदेवता आणि मराठेशाहीतील पुरुष घराघरांत पोचवले, आणि पारतंत्र्याविषयीची चीड पौराणिक प्रसंगांच्या आडून व्यक्त झाली. परंतु त्या परंपरेत नकाशाकडे संशयाने पाहिलेले फारसे दिसत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत नकाशा आला तो मागणी म्हणून : बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी यांसह महाराष्ट्र. त्या मागणीमागचे दुःख खरे होते आणि आहे. तरीही हा नकाशा रेषा सरकवू पाहत होता, रेषेच्या जातीला प्रश्न विचारत नव्हता. 

तो प्रश्न न विचारल्याची किंमत जतसारखा तालुका मोजतो. कृष्णा लवादाने १९७३ मध्ये कृष्णेचे पाणी वाटले : महाराष्ट्रास ५६० अब्ज घनफूट, कर्नाटकास ७००, आंध्र प्रदेशास ८००. वाटणी राज्यांना झाली, कारण नकाशावर राज्ये दिसतात. खोऱ्यातच असलेला, पण नदीपासून दूर आणि उंचावर असलेला जतचा पूर्वभाग नकाशावर महाराष्ट्रात दिसत होता, आणि तरी दशकानुदशके कोरडा राहिला. २०१२ मध्ये तेथील काही गावांनी पाणी मिळत नसेल तर कर्नाटकात जाऊ, असे ठराव केले. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी त्याच ठरावांच्या आधारे जतच्या गावांवर हक्क सांगितला, तेव्हा दोन्ही राज्यांत सीमावाद पुन्हा पेटला. चर्चा झाली ती भाषेची आणि अस्मितेची. गावांचे म्हणणे पाण्याविषयी होते.

६

येथे वाचक विचारील, की मग मुद्राचित्रणाचे काय? सातारा-सांगलीच्या नकाशांवर कोणी असे काम केले आहे का, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू नाही. पण ते कसे असू शकेल याचा एक धडा आपल्यासमोर आहे. झरीना हाश्मी १९३७ मध्ये अलीगढला जन्मल्या, २०२० मध्ये लंडनला वारल्या. फाळणीनंतर काही वर्षांनी त्यांचे कुटुंब कराचीस गेले. पॅरिसमध्ये हेटर यांच्या कार्यशाळेत आणि पुढे जपानमध्ये त्यांनी मुद्राचित्रणाचे शिक्षण घेतले. २००१ मधील ‘डिव्हायडिंग लाइन’ या त्यांच्या काष्ठमुद्रेत कागदावर एक जाड, काळी, नागमोडी रेषा आहे, दुसरे काही नाही. भारत आणि पाकिस्तान यांच्यामधली ही सरहद्द. रॅडक्लिफने ती सुमारे पाच आठवड्यांत आखली आणि १७ ऑगस्ट १९४७ रोजी ती जाहीर झाली.

आता ही रेषा कशी उठली ते पाहावे. तांब्यावर रेषा हवी असेल तर रेषाच कोरतात आणि बाकीचा पृष्ठभाग शाबूत राहतो. सरहद्द ही जमिनीवर ओढलेली एक बारीक खाच आहे, जमीन दोन्ही बाजूंना जशीच्या तशी आहे, असा विश्वास ते तंत्रच नकळत देते. लाकडी ठशाचे उलटे आहे. त्यात शाई उंचवट्याला लागते. काळी रेषा हवी असेल तर रेषेला हात लावायचा नाही. तिच्या दोन्ही बाजूंचे सगळे लाकूड खोदून काढायचे. झरीनांच्या चित्रात आजूबाजूला हत्याराचे तुटक व्रण उरलेले दिसतात. गावे, शेते, विहिरी, घरे असा सारा प्रदेश खरवडून टाकल्यावर जे उभे राहते ते सरहद्द. फाळणीविषयी शेकडो पानांत सांगितले गेलेले सत्य त्यांनी तंत्राच्या निवडीतून सांगितले. हे चित्र पाहिल्यावर वॉकरच्या कारखान्यातील तांब्याच्या सफाईकडे पूर्वीच्या भाबडेपणाने पाहता येत नाही.

हाच धडा पाण्याला लावता येतो. कृष्णा आपल्या नकाशांवर दोन काठांमधली निळी रेघ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्या आठवड्यात नदी रेघ राहिली नाही. ती गल्ल्या, बाजारपेठ, गोठे आणि ब्रह्मनाळसारखी गावे व्यापणारा विस्तीर्ण प्रदेश झाली. ब्रह्मनाळजवळ लोकांना बाहेर काढणारी नाव उलटून माणसे दगावली. लगेच बोटे सीमेपलीकडच्या अलमट्टीकडे गेली. वडनेरे समितीने २०२० मध्ये दिलेल्या अहवालात त्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. पूरक्षेत्रातील अतिक्रमणांकडे मात्र लक्ष वेधले. दोष रेषेच्या पलीकडे असावा ही आपली सवय आणि नदीचा प्रदेश रेघेएवढाच मानण्याची आपली सवय, या दोन्ही एकाच नकाशाने लावल्या आहेत.

आज सांगलीत पूररेषेचे नकाशे निघतात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, निळ्या-लालच्या मध्ये ते नियंत्रित. नदीला तिचा प्रदेश परत देऊ पाहणाऱ्या या पहिल्याच रेषा आहेत. म्हणून त्यांचे मोल आहे. पण त्याही रेषाच आहेत. त्या सरकवण्यासाठी दबाव येतो, प्लॉटचे भाव त्यांच्या एका बाजूस चढतात आणि दुसऱ्या बाजूस उतरतात, आणि काठावरच्या झोपडीतील माणसाला त्या बहुधा घर पाडण्याच्या नोटिशीतूनच पहिल्यांदा कळतात.

आयर्विन पूल १९२९ चा. सांगलीकर पावसाळ्यात त्याच्या खांबावरच्या फुटांच्या खुणा वाचायला जातात. चाळीस झाले, पंचेचाळीस झाले, आता घर सोडले पाहिजे. हा नकाशा छापलेला नाही, त्याला हद्द नाही, आणि तो पाणी दर तासाला नव्याने काढते. सातारा-सांगलीतील महाविद्यालयांत साहित्य शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी कधी तरी गावनकाशाची एक प्रत, पूररेषेचा एक नकाशा आणि ‘बनगरवाडी’ ही तिन्ही एकाच मेजावर ठेवून वाचावीत असे मला वाटते. कोणते पान कशावर कोरले, आणि रेषा उभी राहावी म्हणून कोणाची जमीन खरवडली गेली, हा प्रश्न तिघांनाही विचारता येतो. जतच्या गावांनी ठरावांत आणि सांगलीच्या लोकांनी पुलावर उभे राहून तो आधीच विचारलेला आहे.